रिकामी ठेवलेली जागा : एका मदतीबद्दल जाहीर आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

छोट्या वाचनालयांतील पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारे माझे मोफत सॉफ्टवेअर संकेतस्थळावर ठेवून वर्ष झाले, तरी ते पान म्हणजे सॉफ्टवेअर आहे की वाचनालयांवरचा लेख, हे शोधयंत्राला कळण्याची सोय मी केली नव्हती. ती उणीव आपण दोन संध्याकाळ फोनवर माझ्यासोबत बसून दूर केलीत, त्याबद्दल हे पत्र.

खरे तर मी आपल्याकडे आलो तो मानांकनाच्या चांदण्या मागायला, कारण शोधनिकालांत इतरांच्या नावाखाली त्या झळकताना पाहून मला हेवा वाटत होता. आपण मात्र आधी विचारलेत, "किंमत कुठे लिहिली आहे?" 'मोफत' हा शब्द मी चित्रात रंगवून ठेवला होता. वाचणाऱ्याला पानावर जे दिसत नाही ते संरचित माहितीत (म्हणजे शोधयंत्रासाठी ठरावीक साच्यात लिहिलेल्या माहितीत) घालू नये, असे गूगलचे धोरण असल्याचे सांगून आपण किंमत आधी पानावर साध्या अक्षरांत लिहायला लावलीत आणि मगच जेसन-एलडी या, अशी माहिती लिहिण्याच्या पद्धतीतल्या तुकड्यात 'प्राइस' पुढे शून्य घातलेत. गूगल, बिंग आणि याहू यांनी 2011 साली मिळून मांडलेल्या स्कीमा.ऑर्गच्या, म्हणजे अशा माहितीसाठी ठरवलेल्या सामाईक शब्दांच्या, संग्रहात 'सॉफ्टवेअर अ‍ॅप्लिकेशन' असा स्वतंत्र प्रकार आहे, हेही मला तेव्हाच कळले.

तो तुकडा मी शब्दलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये टंकून पानावर चिकटवला आणि चाचणीत तो नापास झाला. तासभर मी कंस मोजत होतो. आपण अक्षरे मोठी करून पाहायला सांगितलेत, तेव्हा सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे बसलेली दिसली. शेवटच्या ओळीनंतरचा एक स्वल्पविरामही जास्तीचा निघाला. (शाळेत याच स्वल्पविरामांसाठी मी बरेच गुण गमावले आहेत.)

मित्रांकडून पाच-दहा अभिप्राय लिहून घेण्याची माझी कल्पना आपण साफ नाकारलीत. खरे परीक्षण किंवा सरासरी मानांकन नसेल तर चांदण्या दिसणार नाहीत, आणि सारे असूनही गूगल त्यांची हमी देत नाही, हे स्पष्ट सांगून आपण तुकड्यातली अभिप्रायाची जागा रिकामी ठेवलीत. त्या वेळी मी थोडा खट्टू झालो होतो, हे आज कबूल करतो.

परवा एका ग्रंथपालबाईंचा अभिप्राय आला. दंडाची पावती छापताना उजवी कड कापली जाते, अशी तक्रार त्यात आहे. त्यांच्या परवानगीने तो जसाच्या तसा पानावर आणि त्या रिकाम्या जागी चढवला आहे. पावतीची दुरुस्ती सुरू आहे.

आपला ऋणी,
देवघेव-नोंदवहीचा कर्ता