गोव्यात हॉटेलाआधी गाव ठरवा

महोदय,

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्यांसाठी पुण्यातल्या सहल कंपन्यांच्या जाहिराती सुरू झाल्या आहेत. गोव्याच्या सहलीपुढे बहुतेक ठिकाणी ‘नॉर्थ गोवा, थ्री स्टार, नाश्त्यासह’ एवढेच लिहिलेले असते. गावाचे नाव नसते आणि गिऱ्हाईकही ते विचारत नाही. खोलीचे फोटो आणि भाडे पाहून पैसे भरले जातात. परत आल्यावर मात्र टॅक्सीने खिसा कापला, रात्रभर ढणढणाट होता, समुद्र ‘जवळ’ म्हणाले तो जवळ नव्हता, आईला पायऱ्या झेपल्या नाहीत, अशा तक्रारी ऐकू येतात. यातली बहुतेक गाऱ्हाणी हॉटेल बदलून सुटत नाहीत. गाव बदलले तर सुटतात.

उत्तर टोकाच्या हरमलपासून दक्षिणेतल्या पाळोळेपर्यंत रस्त्याने जवळजवळ पुणे-सातारा एवढे अंतर आहे. शिवाय शापोरा, मांडवी, जुवारी, साळ या नद्या मध्ये आडव्या येतात. त्यामुळे नकाशावर शेजारी दिसणारी गावे जायला शेजारी नसतात. शापोऱ्याच्या किल्ल्यावरून समोर मोरजीची वाळू दिसते, पण तिथे पोचायला शिवोलीच्या पुलावरून बारा-पंधरा किलोमीटरचा वळसा पडतो. दक्षिणेत मोबोरच्या टोकावरून बेतुल असेच हाकेच्या अंतरावर दिसते आणि रस्ता मात्र असोळण्यावरून फिरून जातो.

म्हणून आधी पुण्याहून कशाने जाणार ते ठरवावे, कारण अर्धे उत्तर त्यातच असते. गोवा एक्स्प्रेस मिरज, बेळगाव, लोंढा करत मडगाव आणि वास्कोला जाते; थिवी-करमळी या उत्तर गोव्यातल्या स्टेशनांवर ती येतच नाही. पहाटे मडगावला उतरणाऱ्याने उत्तरेतल्या कांदोळीत खोली घेतली असेल, तर सामान आणि पेंगुळलेली मुले घेऊन त्याला जुवारी आणि मांडवी दोन्ही ओलांडाव्या लागतात. एवढे करून खोली हातात येते ती दुपारीच. त्याच तिकिटावर कोलवा किंवा बाणावली निवडली असती तर स्टेशनपासून सात-आठ किलोमीटरचे काम होते. पनवेलवरून कोकण रेल्वेने जाणार असाल तर कळंगुट-हणजूणसाठी थिवी, पणजीसाठी करमळी आणि पाळोळ्यासाठी काणकोण. काणकोणला मोजक्याच गाड्या थांबतात, तेव्हा आरक्षणाआधी थांबा पाहून घ्यावा.

विमानाच्या तिकिटावर नुसते ‘गोवा’ वाचून थांबू नये. ‘जीओआय’ म्हणजे वास्कोजवळचे दाबोळी आणि ‘जीओएक्स’ म्हणजे पेडणे तालुक्यातले मोपा, जिथून जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी विमाने सुरू झाली. हरमल, मांद्रे, मोरजीला मोपा उत्तम. मात्र मोपाला उतरून पाळोळ्याला जाणे म्हणजे शंभरेक किलोमीटर. खासगी बसने आंबोली-सावंतवाडीमार्गे जाणाऱ्यांना आधी म्हापसा लागते, मग पणजी. कळंगुट किंवा हणजूणला राहायचे असेल तर म्हापशालाच उतरावे; पणजीपर्यंत जाऊन उलटे येण्यात वेळ आणि भाडे दोन्ही जाते.

गोव्यात ओला-उबर चालत नाही. ‘गोवा माइल्स’ हे अॅप आहे, विमानतळांवर प्रीपेड खिडक्या आहेत, बाकी सगळीकडे स्थानिक टॅक्सी. रिकाम्या परतीच्या फेरीचाही हिशेब भाड्यात धरला जातो. सरकारी कदंब आणि खासगी बस स्वस्त आहेत, पण रात्री आठनंतर विरळ होतात. दुचाकी भाड्याने घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे, आणि पोलिसांनी अडवले की दिवस पर्यटकाचा जातो.

आता गावे. कांदोळी, कळंगुट आणि बागा ही एकच सलग वाळू आहे, पण तिन्हीकडचे राहणे वेगळे. कळंगुटला दिवसभर सहलीच्या गाड्या, जेट स्की, पॅरासेलिंग आणि गर्दी. बागा रात्रीचे गाव. तिथे झोपेची अपेक्षा ठेवू नये. शनिवार-रविवार संध्याकाळी कळंगुट-बागा रस्त्यावर चारचाकी मुंगीच्या पावलांनी सरकते. या पट्ट्यातच राहायचे असेल तर कांदोळीचे दक्षिण टोक, सिकेरीच्या बाजूचे, कुटुंबासाठी सगळ्यात बरे. हणजूणचा किनारा खडकाळ आहे आणि पूर्ण भरतीला काही भागात वाळू उरतच नाही. वागातोर आणि ओझरानला हॉटेले कड्यावर आणि समुद्र खाली, चढ-उतार रोजचा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेले तर ते चार दिवस खोलीतच बसणार. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाला कायद्याने बंदी असली तरी याच भागात आवाजाच्या तक्रारी सर्वांत जास्त होतात.

‘बागाजवळ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खोल्यांपैकी कितीतरी हडफडे, नागवा, साळगाव इथे असतात. बुकिंगच्या अॅपवर ‘बागा बीच १.२ किमी’ दिसते ते सरळ रेषेत मोजलेले अंतर. वाटेत कधी बागाची खाडी असते आणि ती पुलावरूनच ओलांडावी लागते. रस्ता अरुंद, पदपथ नाही, अंगावरून बस आणि भाड्याच्या स्कूटर जातात. मुलांचा हात धरून ओल्या कपड्यांनी दुपारी एक वाजता तिथून चालत यायचे आहे, हे डोळ्यांसमोर आणून मग ठरवावे. स्वतःची गाडी असेल तर हीच गावे चांगली, शांत आणि स्वस्त आहेत. मात्र पुण्याहून सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर नेणाऱ्यांनी आसगाव-हणजूणच्या आतल्या गल्ल्यांत ती वळते का, हे मालकाला स्पष्ट विचारावे.

मोरजी, आश्वे, मांद्रे निवांत आहेत. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, त्यामुळे तिथे रात्री आवाज-उजेडावर बंधने असतात आणि असायलाच हवीत. वाहन नसेल तर इथे माणूस अडकतो.

पहिल्यांदा जाणाऱ्या, स्वतःची गाडी नसलेल्या कुटुंबाने खुद्द पणजीत राहावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. पाट्टोवरच्या बसस्थानकातून म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा या सगळीकडे बस मिळते. मडगाव आणि वास्कोसाठी कदंबची विनाथांबा शटल आहे, तिचे तिकीट आधी खिडकीवर घ्यावे लागते. सकाळी पातळ भाजी-पाव, मिरची भजी, चहा चालत जाऊन मिळतो. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. कांपाल ते मिरामार फिरायला सपाट रस्ता आहे आणि बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) रुग्णालय जवळ आहे, ही ज्येष्ठांसाठी मोठी गोष्ट. फोंताइन्हास म्हणजे मळा देखणा आहे, पण जुन्या घरांत लाकडी जिने असतात, लिफ्ट सहसा नसते, गाडी लावायला जागा नसते. लोक तिथे राहतात, हे ध्यानात ठेवून त्यांच्या दारात फोटोसाठी ठाण मांडू नये. मिरामारचा किनारा मांडवीच्या मुखाशी आहे. तो फिरायला, पोहायला नव्हे. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव आणि ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त (चर्चचा उत्सव) असते, तेव्हा खोल्या आधी धराव्यात. मांडवीकाठी कॅसिनोंच्या समोर रात्री वर्दळ असते. खोली आतल्या बाजूची मागावी.

दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात माजोर्ड्यापासून मोबोरपर्यंत लांबच लांब पांढरी वाळू आहे. कोलव्याला बस आणि गर्दी, बाणावलीला मध्यम, वार्का-केळशीला मोठी रिसॉर्ट. इथली खोच अशी की गावाचा रस्ता समुद्राला समांतर आणि बराच आत आहे. मधे भातशेती आणि वाळूच्या टेकड्या. ‘चालत दहा मिनिटे’ दिवसा खरे असते, रात्री त्या वाटेवर दिवा नसतो. विजेरी बरोबर ठेवावी.

पाळोळ्याचा उपसागर चंद्रकोरीसारखा, पाणी उथळ आणि त्यातल्या त्यात शांत, म्हणून लहान मुलांना चांगला. आगोंद दिसायला तितकेच सुंदर, पण पाण्याला ओढ आहे. तिथे मुलांना कमरेएवढ्या पाण्यातही एकटे सोडू नये. दोन्हीकडच्या लाकडी झोपड्या खांबांवर उभ्या असतात, चढायला अरुंद पायऱ्या, मच्छरदाणी लागतेच, आणि पावसाळ्याआधी त्या मोडून ठेवतात. जून ते सप्टेंबरात समुद्रात उतरणे धोक्याचे आणि शॅक (वाळूवरच्या तात्पुरत्या खानावळी) बंद, तेव्हा पावसाळी सहलीला पणजीच बरी.

कुलदैवतासाठी जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, रामनाथी, नागेशी ही सगळी फोंडा तालुक्यात, एकमेकांपासून थोड्या अंतरावर आहेत. अभिषेक सकाळी असतो. अशा वेळी कळंगुटहून पहाटे उठून धावपळ करण्यापेक्षा आदली रात्र देवस्थानच्या अग्रशाळेत, म्हणजे भक्तनिवासात, काढावी. खोली साधी असते, देवस्थानच्या कार्यालयात आधी विचारून धरावी लागते, मद्य-मांस चालत नाही, रात्री फाटक लवकर बंद होते. पूजा झाली की मग समुद्राकडे निघावे. चार रात्री असतील तर एक फोंड्यात आणि तीन एकाच किनाऱ्यावर, ही विभागणी घरातल्या सगळ्यांना मानवते.

पैसे भरण्याआधी उपग्रह नकाशा उघडून हॉटेलच्या फाटकापासून वाळूपर्यंतची वाट बोटाने जावी: मधे खाडी, कुंपण, शेत, कडा काय आहे ते दिसते. मग हॉटेलला फोन करून विचारावे की रात्री दहाला पोचलो तर चालत जेवायला कुठे मिळेल, शेजारी क्लब आहे का, गाडी आवारात लागेल का, खोली कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का, वीज गेल्यावर एसी चालतो की फक्त दिवा. गुळमुळीत उत्तर आले तर दुसरे हॉटेल पाहावे.

सहल कंपन्यांना विनंती की जाहिरातीत हॉटेलच्या तारकांबरोबर गावाचे नाव आणि समुद्रापर्यंतचे रस्त्याने अंतर छापावे. आपल्या वृत्तपत्रानेही अशा जाहिराती घेताना ‘नॉर्थ गोवा’ ऐवजी गाव लिहिण्याचा आग्रह धरावा. एका ओळीची जागा लागेल.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे