आधी टच, मग दम

नागपूर, जून

प्रिय दोस्ता,

उत्तराला उशीर झाला, रागावू नको. घरी सगळे बरे, आईचे गुडघे तसेच.

तुलाच लिहितोय, कारण तू फुटबॉलवाल्या कामठीचा, तुला फोड करून सांगावं लागत नाही. स्पर्धेच्या मंडळींनी दहा वर्षांखालच्या पोरांना पूर्ण मैदानावर अकरा-अकरा फुटबॉल खेळवायचं ठरवलंय, तेही पाच नंबरच्या बॉलनं! तो ४१० ते ४५० ग्रॅमचा. या वयाला चार नंबर हवा, ३५० ते ३९० ग्रॅमचा. जड बॉल दूर जावा म्हणून पोरं मागं झुकून टो, म्हणजे बुटाचं टोक, मारून राहिली. घोटा सैल, बॉल हवेत. आपण शिकवतो ते सगळं उलटं: बोटं वर, घोटा कडक, टेकायचा पाय बॉलच्या बाजूला वीतभर अंतरावर, त्याची दिशा पासकडे.

त्यात आपली तापलेली, टणक जमीन. बॉलची हवा थोडी कमी ठेवली की उसळी आवरते, पण ऐकतो कोण?

तू म्हणायचास, आधी दम, मग टच, म्हणजे बॉलवरचा ताबा. मी आजही भांडेन बे! मोठ्या मैदानात दांडगं पोर पळून गोल करतं, आणि ज्याचा टच चांगला ते लहानसं पोर बाकावर बसतं. सराव तर त्याहून वाईट: एका बॉलमागं लांबच लांब रांग. त्यापेक्षा आठ मीटरचा चौकोन आखून चौघांविरुद्ध एक खेळव. तीन पासही होत नसतील तर चौकोन मोठा कर, आतल्याला बॉल मिळतच नसेल तर आत दुसरं पोरगं सोड. बॉल तळव्याखाली दाबून थांबवला की आतला अंगावर येऊन तो काढून नेतो. मग पोरं आपोआप तिरकी उभी राहतात, बॉलपासून लांबच्या पायानं घेतात, बॉल यायच्या आधीच खांद्यावरून मागं बघतात. समोर कुणी नसेल तर कितीही ओरडा, मान वळत नाही. डाव्या पायाची वेगळी शिक्षा नको. छोट्या मॅचमध्ये डाव्याचा गोल दोन धरायचा, बस.

तुझी बदली झाली का? पोरगी दहावीला ना? वहिनींना नमस्कार.

स्पर्धेची मंडळी तुझं ऐकतात. या आठवड्यात फोन कर त्यांना. सात-सात, अर्धं मैदान, चार नंबर, एवढं मागून घे. बाकीचं मी बघतो.

तुझाच