वार पडायची वाट पाहू नका, आधी कास बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दारची गाय व्याली की घरात आधी खरवसाची चर्चा होते आणि मग वार, म्हणजे वासरामागून गर्भाशयातून बाहेर येणारी झिल्ली, पडली का याची. कासेकडे लक्ष जाते ते चार-आठ दिवसांनी, दुधात गुठळ्या दिसल्यावर. त्यातच 'वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही, वासराला पाजायचा नाही' हा जुना दंडक अनेक घरांत आजही पाळला जातो. हा दंडक मोडायला हवा, म्हणून हे पत्र.

वार पडायला १२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. तेवढा वेळ कास तट्ट फुगलेली राहते, सडांतून चीक गळतो, गाय शेणामुताच्या ओल्या जमिनीवर बसते आणि सडाच्या उघड्या तोंडातून जंतू वर चढतात. वासरू उपाशी राहते ते वेगळेच. खरे तर वासराचे तोंड किंवा धार काढणाऱ्याचा हात सडाला लागला की गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन सुटते. दूध उतरते ते त्यानेच, आणि गर्भाशय आकुंचन पावून वार सुटायला मदत होते तीही त्यानेच. म्हणजे वारेसाठी चीक अडवणे हे सगळेच उलटे.

गाय व्यायल्यापासून तासाभरात हात साबणाने धुवा. कास कोमट पाण्याने धुऊन कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा, ओली ठेवू नका. मग मागे उभे राहून चारही भाग सारखे दिसतात का ते बघा. हाताची पालथी बाजू एकेका भागाला लावली की कुठला भाग जास्त तापलाय ते लगेच कळते. त्यानंतर वाटीवर काळे फडके ताणून बांधा आणि प्रत्येक सडाच्या तीन-चार धारा त्यावर सोडा. जमिनीवर किंवा तळहातावर धार मारू नका, एका सडाचे जंतू दुसऱ्याला तिथूनच लागतात. पहिल्या धारेबरोबर सडाच्या तोंडातली मेणासारखी गुठळी निघते, ती साधी बाब आहे. चीक घट्ट, पिवळा, मधासारखा ओघळणारा असतो. एखाद्या सडातून मात्र पाण्यासारखे पातळ, दह्याच्या कणांसारखे किंवा घाण वासाचे काही आले, तर तो कासदाह, म्हणजे आपली 'दगडी' समजा.

सूज दिसली की दगडी, असे मात्र नाही. पहिलारू कालवडीला आणि जास्त दुधाच्या संकरित गाईला व्यायच्या सुमारास कासेवर पाणी उतरते. अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा. खळगा तसाच राहिला, सूज दोन्ही बाजूंना सारखी असली, गाय दुखून पाय उचलत नसली आणि चीक स्वच्छ असला, तर ती सूज बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरते. तिच्यावर प्रतिजैविक देणे म्हणजे पैशाचा आणि औषधाचा नास. दगडी बहुतेक वेळा एखाद्याच भागात असते, तो भाग कडक, गरम असतो आणि हात लावू देत नाही. गुलाबी चिकाचेही तसेच. काचेच्या पेल्यात तो तासभर ठेवल्यावर तळाशी लाल साका बसला आणि कास मऊ असली, तर आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या आहेत. अशा वेळी कास रगडू नका. चार-पाच दिवसांत दूध पांढरे झाले नाही तर डॉक्टरांना दाखवा.

धार येतच नसेल तर खराट्याची काडी किंवा तार सडात घालण्याचा उद्योग अजूनही चालतो. आतले नाजूक अस्तर सोलून निघते, तिथे गाठ धरते आणि सड कायमचा आंधळा होतो, म्हणजे त्यातून दूध येत नाही. ते काम निर्जंतुक नळीचे आणि डॉक्टरांच्या हाताचे.

दारच्या गाईत आणखी एक फसगत होते. दूध कोणी मापत नाही आणि उरलेले वासरू पिते, त्यामुळे एक सड कमी झाला तरी कळत नाही. वासरू एकाच सडाला तोंड लावायचे टाळत असेल किंवा तिथेच गाय लाथ मारत असेल, तर तो सड आधी तपासा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर घरीही चाचणी होते. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. वाटीत एका सडाचे दूध आणि तितकेच हे पाणी घेऊन गोल फिरवा. मिश्रण शेंबडासारखे झाले तर वरून चांगल्या दिसणाऱ्या सडातही दगडी दडलेली आहे. त्याआधी ही चाचणी करू नका, चिकात मुळातच पेशी जास्त असतात आणि निकाल फसवा येतो.

व्यायल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाय बसली आणि कान गार पडले की कॅल्शियमची बाटली मागवली जाते. ते बरोबर असेलही, पण त्याआधी कास बघा. एका भागातून पिवळसर पाणी येत असेल, तर तो जंतूंच्या विषाचा झटका असू शकतो. अशा गाईला शिरेतून भराभर कॅल्शियम दिले तर हृदय बंद पडू शकते. सड निळा आणि बर्फासारखा गार लागला तर सकाळपर्यंत थांबू नका.

दगडीच्या सडाचे दूध वेगळ्या भांड्यात, सगळ्यात शेवटी आणि पूर्ण काढा. ते वासराला पाजू नका, गोठ्यातही ओतू नका. डॉक्टरांनी सडात सोडायला दिलेल्या औषधाच्या ट्यूबचा उपचार अर्धवट सोडू नये, आणि लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध घरात किंवा डेअरीत जाऊ नये. निरोगी सडांचा चीक मात्र वासराला लगेच द्या. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, त्यातला निम्मा पहिल्या तासाभरात. दर धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि पुढ्यात वैरण टाकून गाईला अर्धा तास उभी ठेवा, तोवर सडाचे तोंड मिटते.

शासनाच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ वर फोन करताना गाय कधी व्याली, वार पडली का, कोणता सड, धार कशी दिसते आणि ताप किती, एवढे तयार ठेवा. गुदद्वारात थर्मामीटर लावून १०१ ते १०२ फॅरेनहाइट आले तर ठीक, १०३ च्या वर गेले तर तसे आधी सांगा.

आपला,
एक पशुवैद्यक