मिठाच्या चार पिशव्या आणि एक वही

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

मे महिन्यात नेरूळचे घर सोडताना टेम्पोवाला खाली घाई करत होता, त्यामुळे तुमच्या आणि काकूंच्या पाया पडण्यापलीकडे काही बोलता आले नाही. दोन वर्षे शेजारी म्हणून तुम्ही आम्हा चौघींसाठी जे केलेत ते दारात उभे राहून सांगण्यासारखे नव्हतेच, म्हणून हे पत्र. ते सर्वांसमोर लिहिते आहे, कारण दर जुलैमध्ये नेरूळ, खारघर, ऐरोलीत आमच्यासारख्या कितीतरी मुली पहिल्यांदाच घराबाहेर राहायला येतात आणि तुम्ही शिकवलेल्या गोष्टी त्यांच्याही उपयोगी पडतील असे मला मनापासून वाटते.

जुलै २०२२ मध्ये मी देवगिरी एक्सप्रेसने पहाटे ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने नेरूळला आले, तेव्हा वसतिगृहातल्या जागा भरून गेल्या होत्या. मी परभणीची, बाकी तिघी चिपळूण, सांगोला आणि नंदुरबारच्या. प्रवेशाच्या रांगेत ओळख झाली आणि चौघींनी मिळून घर घ्यायचे ठरले. सहा सोसायट्यांनी ‘विद्यार्थ्यांना देत नाही’ एवढेच सांगून परत पाठवले. तुमच्या सोसायटीच्या कमिटीतही तोच सूर होता. त्या बैठकीत तुम्ही उठून म्हणालात की या मुली शिकायला आल्या आहेत, त्यांची माहिती पोलिसांकडे रीतसर नोंदवली जाईल आणि काही अडचण आली तर पहिल्यांदा माझे दार वाजवा. आम्ही तेव्हा जिन्यात उभ्या राहून ऐकत होतो. तोपर्यंत तुम्हाला आमची नावेही माहीत नव्हती.

त्यानंतर आला करार. एजंटने पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेऊ, नोंदणीचा खर्च कशाला, असे सुचवले होते आणि आम्हाला ते पटलेही होते. तुमची सगळी नोकरी असे दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेलेली. तुम्ही आम्हाला तुमच्या जेवणाच्या टेबलाशी बसवलेत आणि कराराचे प्रत्येक कलम आमच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतलेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असते आणि नोंदणी नसेल तर अटींवरून वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. तरीही, ‘कायदा तुमच्या बाजूने आहे म्हणून कागद कच्चा ठेवू नका,’ असे तुम्ही बजावलेत. हजार रुपये नोंदणी शुल्क आणि एकूण रकमेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क चौघींत वाटल्यावर माणशी पाचशेही आले नाहीत. अंगठ्याचे ठसे आणि छायाचित्रे घ्यायला माणूस यंत्र घेऊन घरीच आला, तेव्हा सांगोल्याच्या मैत्रिणीने केस विंचरून नवा कुर्ता घातला होता, हे तुम्हाला आठवत असेल.

किल्ली मिळाली त्या संध्याकाळी तुम्ही आम्हाला सामान लावू दिले नाहीत. आधी यादी करा म्हणालात. न्हाणीघराचे दार खालून दीड वीत फुगलेले आहे, उत्तरेच्या भिंतीला खिडकीखाली ओल आहे, ओट्याच्या कडेची एक फरशी तडकलेली आहे, पंख्याचा रेग्युलेटर तीनच्या पुढे जात नाही. एकूण एकोणीस गोष्टी. प्रत्येकीचा फोटो काढला, यादीच्या दोन प्रती केल्या आणि घरमालकांची दोन्हींवर सही घेतली. मला त्या वेळी हे फार अवघडल्यासारखे वाटले होते. ज्यांनी घर दिले त्यांच्यावर पहिल्याच दिवशी अविश्वास दाखवतो आहोत असे वाटले. घर सोडताना त्याच दारासाठी आणि त्याच भिंतीसाठी अनामत रकमेतून अठरा हजार कापायची गोष्ट निघाली, तेव्हा आवाज न चढवता तुम्ही ती यादी टेबलावर ठेवलीत. घरमालकांनी आपली सही पाहिली, चष्मा काढून पुसला आणि पूर्ण साठ हजारांचा धनादेश लिहिला. निघताना त्यांनी आम्हाला पुढच्या शिक्षणासाठी शुभेच्छाही दिल्या. यादी नसती तर त्यांचा शब्द आणि आमचा शब्द एवढेच उरले असते, आणि दोघांपैकी कोणीच आनंदाने निरोप घेतला नसता.

पण काका, मला खरे आभार मानायचे आहेत ते नोव्हेंबरातल्या त्या रविवारचे.

सप्टेंबरच्या अखेरीस नंदुरबारच्या मैत्रिणीला डेंग्यू झाला. ताप उतरवायला घरातली मिळेल ती गोळी देऊ नका, पॅरासिटामॉलखेरीज काही नको, हे तुम्ही दारातच सांगितलेत आणि रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात घेऊन गेलात. काकू चार दिवस सकाळ-संध्याकाळ मीठ-तूप घातलेली तांदळाची पेज पाठवत होत्या. मोरबे धरणाच्या जलवाहिनीची दुरुस्ती निघाली की एक दिवस पाणी बंद राहते, म्हणून आम्ही जो ड्रम भरून ठेवत असू, त्याला झाकण नव्हते. आत वळवळणाऱ्या अळ्या तुम्ही आम्हाला बॅटरीच्या उजेडात दाखवल्यात. तेव्हापासून दर रविवारी ड्रम रिकामा करून, घासून, कोरडा करण्याचा नेम आम्ही एकदाही चुकवला नाही. सहा ऑक्टोबरला तिचे वडील तिला गावी घेऊन गेले आणि ती दिवाळी करूनच परतली.

ती आल्यावर महिन्याचा हिशेब झाला. किराणा, दूध आणि भाजी मिळून ४,१२५ रुपये झाले होते. चौघींनी समान वाटून घ्यायचे हे आमचे ठरलेलेच होते आणि ठरले ते ठरले, असा हट्ट धरणारी मीच होते. ती म्हणाली, मी सहाच दिवस होते आणि त्यातही पेजच खाल्ली, तीही काकूंकडची. मी तिला म्हणाले की नियम आजारपण पाहून बदलत नाहीत. हे वाक्य मी कधी विसरणार नाही. त्यानंतर नऊ दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. फ्रीजच्या कप्प्यांवर चिकटपट्टीच्या रेघा आल्या. दुधाच्या चार पिशव्यांवर चार नावे आली.

पाइप गळतो का ते पाहायला तुम्ही वर आलात तेव्हा ओट्यावर मिठाच्या चार पिशव्या ओळीने उभ्या होत्या. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलेत, पाइप पाहिलात आणि काही न बोलता खाली गेलात. तासाभराने परत आलात ते एक लांब वही घेऊन, तिच्यात पट्टीने रकाने आखून. भाडे आणि इंटरनेट एका बाजूला, ते चौघींत समान. खाण्यापिण्याचे दुसऱ्या बाजूला आणि त्याच्याशेजारी प्रत्येकीच्या हजेरीचे दिवस. तुम्ही दिवस आम्हालाच लिहायला लावलेत. चोवीस, तेवीस, बावीस आणि सहा. बेरीज पंचाहत्तर, म्हणजे दिवसाला पंचावन्न रुपये. तिचे ३३० झाले. मी तिच्याकडे १,०३१ मागत होते. सातशे रुपयांसाठी मी काय करून बसले आहे ते मला त्या आकड्यात दिसले. कोण चुकले याबद्दल तुम्ही अवाक्षरही काढले नाहीत. पुढच्या महिन्यापासून असे लिहा, एवढे म्हणालात आणि चहा घेऊन गेलात. तुम्ही गेल्यावर मी तिची क्षमा मागितली. मिठाच्या तीन पिशव्या आम्ही एका बरणीत रिकाम्या केल्या आणि चौथी काकूंना नेऊन दिली.

त्या वहीने पुढे दीड वर्ष घर चालवले. विजेचे बिल शंभर युनिटांच्या वर गेले की सगळ्याच युनिटांना जास्त दर लागतो, या समजुतीने गीझरवरून होणारी कुरबुरही तिनेच थांबवली, कारण वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो हे तुम्ही महावितरणच्या बिलावर बोट ठेवून दाखवले होते. चिपळूणच्या मैत्रिणीच्या सुकटीच्या वासाची तक्रार आली तेव्हा मात्र वही लागली नाही. करावे गावच्या माहेरवाशीण काकू स्वतः ताट घेऊन वर आल्या, आमच्याकडे जेवल्या आणि तक्रार तिथेच मिटली.

वही मी परभणीला नेलेली नाही. तिच्यात अजून चाळीसेक पाने कोरी होती. आमच्या जागी आलेल्या मुलींना मी ती एकोणीस गोष्टींच्या यादीसह देऊन आले आहे आणि तुमच्या अक्षरातले पहिले पान तसेच ठेवायला सांगितले आहे. त्या तुमच्याकडे एव्हाना आल्या असतीलच. आल्या नसतील तर त्यातली एक फार भिडस्त आहे, तिला तुम्हीच हाक मारा.

नंदुरबारच्या मैत्रिणीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. आम्ही तिघी जाणार आहोत. जाण्याआधी मी दोन दिवस नेरूळला उतरेन. येताना नव्या ज्वारीचे पीठ आणते, काकूंना सांगा की या वेळी भाकरी मी थापणार.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची परभणीकर