मा. मंत्री महोदय, जनरेटर आला नाही आणि मासे मेले

मा. मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या जळगावच्या प्रयोगशाळेची फीत आपण कापलीत. टाक्यांपाशी वाकून 'हे कुठले मासे?' असं आपण विचारलंत, तेव्हा 'झेब्राफिश' असं उत्तर देणारी मुलगी मी. भाषणात आपण शब्द दिला होता, दोन महिन्यांत जनरेटर येईल. त्याला चौदा महिने झाले.

मागच्या मंगळवारी ४४ अंशांच्या उन्हात दुपारी बाराला वीज गेली, ती पावणेसातला आली. इन्व्हर्टरने दीड तासात मान टाकली. पंप थांबले, पाणी तापू लागलं. मी आणि आमचे शिपाईकाका बाटल्यांत बर्फ भरून टाक्यांत सोडत होतो, हाताने पाणी ढवळत होतो. चारपर्यंत मासे वर येऊन तोंड उघडमीट करायला लागले. रात्री मी जाळीने २१२ मेलेले मासे काढले. काकांनी स्वतःचा पिण्याचा माठ रिकामा करून त्यात टाकीचं पाणी भरलं होतं आणि काही मासे सोडले होते. त्यातले ९ जगले.

बाजारातून दुसरे आणा, असं आपल्या कार्यालयातून फोनवर सांगण्यात आलं. साहेब, हे बाजारात मिळत नाहीत. यांच्या न्यूट्रोफिल पेशी, म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, हिरव्या चमकतात. ही जात मिळवून, वाढवून, निवडून काढायला मला दीड वर्ष लागलं.

ऐका, का लागतात ते. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचं जुळतं जनुक या बोटभर माशात आहे. सकाळी दिवे लागले की मादी अंडी घालते. दोन-तीन दिवसांत बाहेर येणारं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं. ते जिवंत असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, की बिघडलेल्या मोजक्या पेशींकडे हिरवा ठिपका सरकताना दिसतो. थांबतो, अंग लांबवतो, परत सरकतो. कॅन्सरची अगदी पहिली घटका अशी डोळ्यांनी माणसात कधीच दिसणार नाही. २०१० मध्ये ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पिल्लांत पाहिलं, की हायड्रोजन पेरॉक्साइड या रसायनाच्या इशाऱ्यावर पांढऱ्या पेशी तिथे धावतात. आणि त्यांना येऊ दिलं नाही, तर बिघडलेल्या पेशी कमी होतात. म्हणजे राखणदारच चोराला भाकर घालतो! हे कधी घडतं आणि कसं थांबवायचं, एवढंच मी शोधत होते.

माझ्या मामांच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. दोन वर्षं. दुखत नव्हता, म्हणून कोणी पाहिला नाही. जखम झाली तेव्हा रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्या डब्यात मी प्लास्टिकच्या पिशवीतल्या पाच फायली मोजल्या, पाचही कॅन्सरच्या. मामा अकरा महिन्यांत गेले. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. अमळनेरच्या स्टँडवर पुडी मिळाली नाही असा एक दिवस मला दाखवा.

माझी शिष्यवृत्तीही अकरा महिने थकली आहे. महिन्याला ३७,००० प्रमाणे ४ लाख ७ हजार होतात. मेसचे पैसे आईच्या कापसातून जातात. ती विचारते, "मासा पाईसन कॅन्सर बरा व्हस का व माय?" मी दर वेळी समजावते. मंगळवारी रात्री मला समजावता आलं नाही.

तुमचे अधिकारी म्हणतात, असलं संशोधन मोठ्या शहरात करा. १८८२ साली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने इटलीतल्या मेसिनात घरच्याच सूक्ष्मदर्शकाखाली ताऱ्यामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटे टोचले, पेशी काट्याभोवती जमताना पाहिल्या, आणि १९०८ मध्ये त्याच शोधाच्या बळावर त्यांना नोबेल मिळालं. जागा मोठी लागत नाही. पाणी २८ अंशांवर राहावं लागतं. आणि खानदेशाने काय फक्त पेशंट पाठवायचे? कापूस पाठवायचा, केळी पाठवायची, पोरं पाठवायची, माणसं आजारी पडली की तीही मुंबईला पाठवायची, आणि विज्ञान मात्र तिकडेच व्हायचं? देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६५ टक्क्यांच्या आसपास खर्च करतो. २०२३ मध्ये नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींची घोषणा झाली. आमच्या टाक्यांपर्यंत त्यातला एक रुपया आलेला नाही. तुमच्या नावाची संगमरवरी पाटी मात्र उद्घाटनाच्या आदल्या रात्रीच लागली होती. पाटीला पैसे होते. दोन लाखांच्या जनरेटरची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर चौदा महिने फिरते आहे. दर वेळी एक सही कमी. ती सही कोणाची, हे मी सहा पत्रांतून विचारलं. एकाचंही उत्तर नाही.

आज संध्याकाळी माठातल्या ९ माशांपैकी दोन जोड्या मी वेगळ्या टाकीत सोडल्या आहेत. उद्या अंडी मिळाली तर ती पिढी ऑगस्टपर्यंत वाढेल. जनरेटर ऑगस्टमध्ये नको. या आठवड्यात हवा. मे अजून संपलेला नाही.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी
अमळनेर, जि. जळगाव