लंबूस पत्र

प्रिय लंबू,

पाच महिने झाले, ना पत्र ना फोन. कारणं देत बसत नाही, तुला ती पाठ आहेत. माझा गुडघा बरा आहे, आईचा डोळाही. ते राहू दे.

शनिवारी ढोल्याबरोबर कॉन्सर्टला गेलो होतो. त्याच्याकडे ड्रम शिकणारी दोन पोरंही होती. मोकळं मैदान, आणि दुसऱ्याच गाण्याला पाऊस. थेंब पडताक्षणी ढोल्या सुरू! "17 ऑगस्ट 1969! वूडस्टॉक फेस्टिव्हल! जो कॉकर स्टेजवरून उतरला आणि आभाळ फुटलं!" आवेश तोच, हातवारे तेच. पोरांनी भाबडेपणाने विचारलं, "मग हेंड्रिक्सने गिटार कधी वाजवली?" झालं, पुढची वीस मिनिटं सोमवारची सकाळ, पांगलेली गर्दी, चिखल... तू असतास तर दर वेळेसारखं "अरे, तेव्हा तू जन्मलाही नव्हतास" म्हणाला असतास. तुझ्यावतीने मी म्हणालो. पाणी मानेतून पाठीवर उतरत होतं, बूट चिखलात रुतत होते आणि मी किती खूश होतो म्हणून सांगू!

मग पाऊस जरा ओसरला आणि आवाज असा लखलखीत लागला की अंगावर काटा आला. तूच सांगितलं होतंस ना, कोरडी हवा वरचे सूर खाऊन टाकते, दमट हवा त्या मानाने कमी खाते? अगदी तसं. राइडची झांज वेगळी ऐकू येत होती, क्रॅशच्या झांजेची शेपटीसुद्धा. आणि ढोल्या माझ्याकडे वळून म्हणाला, "याने हायहॅट का सोडलाय रे? नुसता किक आणि स्नेअर."

मी पडद्यावर पाहिलं. ड्रमरचा उजवा हात हायहॅटच्या झांजांवर पळत होता.

मला वाटलं, चेष्टा करतोय. म्हटलं, "ऐक की नीट." तो खरंच ऐकत होता, लंबू. डोळे बारीक करून, मान वाकडी करून. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातली धाकटी नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, सर क्लासमध्येही असंच म्हणतात. झांजा जोरात वाजव, जोरात वाजव."

तेवढ्यात वीज चमकली. स्टेजवर ताडपत्र्या आल्या, अ‍ॅम्प झाकले, वाद्यवृंद आत गेला आणि आम्हाला गाड्यांमध्ये बसायला सांगितलं. गाडीत ढोल्या सेकंद मोजत होता. "नऊ! म्हणजे तीन किलोमीटर." बरोबर मोजत होता. गडगडाट त्याला ऐकू येतो, किकचा जाड ठोका येतो, तुझा बास तर येईलच. म्हणून तर आपल्यापैकी कुणाला कळलं नाही. वरचंच तेवढं गेलंय. अंधारात पोरं मागच्या सीटवरून काही विचारत होती आणि तो भलतीच उत्तरं देत होता. रेनकोटच्या टोप्या होत्या ना, ओठ दिसत नव्हते.

आणि तेव्हा मला तुझा वाढदिवस आठवला. तो आठ वाजता उगवला, तू सगळ्यांसमोर त्याला झापलंस, तो निमूट निघून गेला. त्याला वेळ मी फोनवर कळवली होती. मी सात म्हणालो होतो. त्याने आठ ऐकलं असणार. 'स'चा आवाज वरच्याच पट्टीतला असतो, हो ना?

शेवटच्या गडगडाटानंतर अर्ध्या तासाने पुन्हा सुरू झालं. ढोल्या चिखलात असा नाचला की अनोळखी लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मला बघवेना.

कारण इअरप्लग तू आणले होतेस. वहीच्या मागच्या पानावर हिशेब लिहून दाखवला होतास : 85 डेसिबलचा आवाज कान 8 तास सोसतो, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, 100 ला फक्त 15 मिनिटं. आपण त्या पत्र्याच्या खोलीत चार-चार तास वाजवायचो. ती डबी मी खिडकीतून फेकली. "ड्रमर काय कानात बोळे घालून वाजवतो?" असं ढोल्यासमोर म्हणालो. तू बासची केस उचलून गेलास आणि चार महिने बोलला नाहीस. तुझ्या त्या रागावर मी इतकी वर्षं वाद घातला. तो राग बरोबर होता. ढोल्या माझं ऐकून हसला आणि त्याने पुन्हा कधी प्लग घातले नाहीत. कानातल्या ऐकण्याच्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, हेही तू तेव्हाच सांगितलं होतंस.

तुझी बदली झाली का? लेकीचं अ‍ॅडमिशन? वहिनींना सांग, पुस्तक माझ्याकडेच आहे, आणतो.

गुरुवारी मी ढोल्याच्या कानाच्या तपासणीची वेळ घेतलीय. त्याला अजून सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर हसण्यावारी नेईल, तेव्हासारखंच. तुझं ऐकेल. फोन करू नकोस. फोनवर तो "रेंज नाही" म्हणून ठेवून देतो. इतके दिवस मला ते खरंच वाटत होतं. तू बुधवारी रात्री ये, त्याच्यासमोर उजेडात बस आणि सांग. मी दाराबाहेर थांबतो. आत बोलावलंस तर येईन.

तुझाच,
बारक्या