खाटेपाशी ठेका धरणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात मी बावीस वर्षं मागावर उभा राहिलो. मणक्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तुम्ही संगीतोपचार करायला एकतारी घेऊन माझ्या खाटेपाशी आलात, त्याला चार महिने झाले. तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून आज लिहितोय.

त्या दिवशी कूस बदलायची म्हटलं की धस्स व्हायचं. कमरेत स्क्रू आणि सळ्या; दोन सिस्टर मिळून मला ओंडक्यासारखं वळवायच्या आणि मी श्वास रोखून धरायचो. दहापैकी किती दुखतंय, असं तुम्ही विचारलंत. मी आठ म्हणालो. मग म्हणालात, "दादा, घरी काय ऐकता?" मी आमच्या गुरुवारच्या भजनाचं सांगितलं आणि तुम्ही भजनी ठेकाच धरलात.

तुम्ही काय करत होतात ते मला नंतर उमगलं. माझा श्वास भराभर चालला होता, तर ठेकाही तसाच चढा धरलात. 'शांत व्हा' असं एकदाही म्हणाला नाहीत. मग लय हळूहळू उतरवत नेलीत आणि श्वास तिच्यामागून गेला. 'विठ्ठल' म्हणत तो लांब सोडायला लावलात. माझी बोटं खाटेच्या कठड्यावर वाजायला लागली, आवळलेले खांदे सैल पडले. अर्ध्या तासानं मी सहा म्हणालो. औषधं चालूच होती, दुखणंही होतंच. पण श्वास न रोखता कुशीवर वळलो तो तेव्हा पहिल्यांदा.

मुलीनं पुढे वाचून दाखवलं. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई बेथ इस्रायल रुग्णालयात मणक्याचं ऑपरेशन झालेल्या ६० जणांवर अशाच उपचारांचा अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. निम्म्यांना ७२ तासांच्या आत अर्धा तास संगीतोपचार दिले. दहाच्या मापावर त्यांचं दुखणं सरासरी एकाहून थोडं जास्त उतरलं, बाकीच्यांचं किंचित वाढलं. एक आकडा म्हणजे काय, ते पाठीवर पडून राहिलेल्यालाच कळतं.

परवा पट्टा बांधून सिद्धेश्वर तलावाकाठी फिरायला गेलो. परतताना कंबर ओढायला लागली. थांबलो, मांडीवर ठेका धरला, लय उतरेपर्यंत उभा राहिलो आणि चालत घरी आलो.

आपला,
खिडकीजवळच्या खाटेवरचा 'दादा'